डोंगरांतील उंच घरें आणि खालचें नगर

एखाद्या मोठ्या शहरांत नवी उंच इमारत उठूं लागली, म्हणजे रस्त्यानें जाणारा मनुष्य क्षणभर थबकतो. मान वर करून तो मजले मोजतो. अजून किती चढणार, आंत राहणार कोण, एवढ्या उंचावर पाणी कसें पोंचणार, असे प्रश्न तो शेजारच्यास विचारतो. कोणास तिच्या घडणीचें कौतुक वाटतें, तर आपला वारा व उजेड अडला म्हणून कोणी चडफडतो. मुंबईच्या कंबाला टेकडीवर चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणें १९८३ सालीं कांचनजंगा ही २८ मजल्यांची इमारत पुरी झाली. तिच्याकडे पाहून अनेकांनीं हेच प्रश्न विचारले असतील, आणि त्यानंतर उठलेल्या प्रत्येक मनोऱ्याच्या वांट्यास ते आले आहेत. हे प्रश्न मुंबईनेंच प्रथम विचारले, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु मुंबईपासून फार दूर नसलेल्या एका जुन्या नगराच्या लोकांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं आपल्या डोंगरांकडे पाहून तेच प्रश्न विचारले असले पाहिजेत; आणि त्यांतील कित्येकांचीं उत्तरें आजहि तेथील दगडावर वाचावयास मिळतात. तें नगर म्हणजे जुन्नर.

जुन्नर व आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन शेजारी तालुके. सह्याद्रीच्या कड्यांतून निघालेल्या कुकडी, मीना व घोड या नद्या या मुलखांतून पूर्वेकडे वाहत जातात. कोंकणांतील कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई आणि तेथून पैठणच्या वाटेस लागे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण असून त्यांत जकात जमा होत असे, असें परंपरा सांगते. या व्यापाराच्या जोरावर जुन्नर संपन्न झालें, आणि त्या संपत्तीचा एक ओघ सभोंवतालच्या डोंगरांकडे वळला. उत्तरेस लेण्याद्रि, पश्चिमेस तुळजा, दक्षिणेस मानमोडी आणि नगराला लागून शिवनेरी, अशा डोंगरांत ख्रिस्तपूर्व कालाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलीं गेलीं. त्यांतील कांहीं चैत्यगृहें असून तीं पूजेसाठीं होतीं. बाकीच्यांपैकीं बहुतेक भिक्षूंच्या राहण्याचीं घरें होतीं.

हीं घरें मजल्यावर मजला चढवून केलेलीं नव्हेत, हें खरें. खडकांत एकावर एक असे मजले कोरण्याचें धाडस महाराष्ट्रानें पुढें वेरूळास केलें. तेथील 'तीन ताल' हें लेणें तीन मजल्यांचें आहे. त्याच्या शेजारचें 'दोन ताल' हेंहि वस्तुतः तीन मजल्यांचेंच. पण तळमजला मातीखालीं बुजून गेल्यानें लोक त्याला दोन मजल्यांचें समजत, आणि १८७६ सालीं माती उपसली तेव्हां खरा हिशेब कळला. जुन्नरच्या घरांना उंची मिळाली ती डोंगराकडून. लेण्याद्रीच्या लेण्यांपर्यंत पोंचण्यास आज तीनशेंच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. वर गेल्यावर कुकडीचें खोरें पायांशीं पसरलेलें दिसतें. नगरांतील माणसाला हें उंच घर शेतांतून, बाजारांतून, घाटाच्या वाटेवरून सदैव दिसत असे. त्याचें काम कोठवर आलें, हें पाहावयास त्याला मुद्दाम कोठें जावें लागत नसे.

तें काम चाले कसें, हें ध्यानांत घेतल्याशिवाय लोकांच्या कुतूहलाची कल्पना यावयाची नाहीं. आपल्या घरांत प्रथम पाया, मग भिंती आणि शेवटीं छप्पर येतें. लेण्यांत छत प्रथम तयार होतें. कारागीर कड्याचा दर्शनी भाग तासून सरळ करीत, छताच्या पातळीला आंत शिरत, आणि तेथून पायाखालचा दगड काढीत काढीत जमिनीपर्यंत उतरत. त्यामुळें आंत परांची बांधण्याची गरज फारशी पडत नसे. उलट, झालेली चूक मात्र दुरुस्त करतां येत नसे. कारण एकदां काढलेला दगड पुन्हां जागेवर बसत नाहीं. खांब कोठें ठेवावयाचा आणि किती जाडीचा, हें दगड जागेवर असतांनाच ठरवावें लागे. या डोंगरांचा काळा खडक लाव्हारसाच्या आडव्या थरांचा आहे. चांगल्या घट्ट थराच्या मध्येंच कोठें मऊ थर लागला, कीं सारी योजना बदलावी लागे. अर्धवट राहिलेल्या लेण्यांत टांकीचे घाव आणि न काढलेले दगडाचे गाळे अजून दिसतात, आणि त्यांवरून काम कोणत्या क्रमानें पुढें जात होतें, याचा चांगला बोध होतो.

या पद्धतीनें केवढें मोठें घर साधलें, हें पाहावयाचें तर लेण्याद्रीचें सातव्या क्रमांकाचें लेणें पाहावें. सुमारें पन्नास फूट लांबरुंद असा त्याचा मंडप असून त्याच्या मध्यें एकहि खांब नाहीं. वरच्या साऱ्या डोंगराचा भार तोलून धरणारें तें सपाट छत पाहून आजचा स्थापत्यज्ञहि विचारांत पडेल. मंडपाच्या दोन्ही बाजूंस सात-सात आणि मागील भिंतींत सहा, अशा वीस खोल्या आहेत, आणि पुढें खांबांची ओसरी आहे. ओसरीमुळें पावसाची झड व उन्हाचा ताप आंत येत नाहीं, पण वारा व उजेड येतो. कोरियांनीं कांचनजंगेंत प्रत्येक बिऱ्हाडाला कोपऱ्याची खोल गच्ची दिली, ती याच हेतूनें. मुंबईच्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यापासून ती कल्पना त्यांनीं घेतली होती. पाणी वर नेण्याचा प्रश्न जुन्नरच्या कारागिरांनीं निराळ्या रीतीनें सोडविला. लेण्याशेजारीं खडकांतच टाकें खोदून पावसाचें पाणी तेथेंच सांठविलें, म्हणजे तें खालून चढविण्याचें कारणच उरत नसे. लेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलें आहे.

आतां हें काम पाहणाऱ्या नगराला काय वाटलें? त्या कालचें कोणतेंहि बातमीपत्र नाहीं. परंतु ओसरीच्या भिंतींवर, दारांवर व टाक्यांवर ब्राह्मी लिपींत कोरलेले लहान लहान लेख आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनीं १८८१ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हां जुन्नरचे हे दाते सुशिक्षित समाजाच्या दृष्टीस पडले. बहुतेक लेख एकदोन ओळींचे आहेत. कोणीं, काय दिलें, एवढेंच ते सांगतात, आणि दिलेल्या वस्तूस 'देयधम' म्हणजे देयधर्म म्हणतात.

त्यांत एक लेख धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचा आहे. या व्यापाऱ्यांनीं मिळून सात खोल्यांचें लेणें व एक टाकें दिलें. भडोच येथील दोघां भावांनीं, बुद्धमित्र व बुद्धरक्षित यांनीं, दोन खोल्यांचें लेणें दिलें. मूळ लेखांत सात खोल्यांच्या लेण्यास 'सतगभ' आणि दोन खोल्यांच्या लेण्यास 'बिगभ' असे शब्द आहेत. घर सांगावयाचें तें खोल्या मोजून, ही आपली आजची रीत किती जुनी आहे, हें त्यावरून दिसतें. लेण्याद्रीचें सहाव्या क्रमांकाचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचें दान होय. घाटाखालच्या बंदराचा हा रहिवासी नाणेघाटाच्या वाटेनें वर आला असेल, आणि परक्या नगराच्या डोंगरांत आपलें नांव ठेवून गेला. शिवनेरीवरील चैत्यगृहाचा दाता वीरसेनक हा गृहपतींत प्रमुख होता. आपलें दान सर्व लोकांच्या हितासाठीं व सुखासाठीं आहे, असें त्यानें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे.

या कामास हात लावणारे सगळे देशी होते असेंहि नाहीं. स्वतःस यवन म्हणविणारे तीन दाते जुन्नरच्या लेखांत आढळतात. इरिल यानें दोन टाकीं दिलीं, चिट यानें शिवनेरीवर संघासाठीं भोजनमंडप दिला, आणि चंद यानें मानमोडीच्या भूतलिंग गटांतील चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला. एकानें पाणी दिलें, दुसऱ्यानें जेवणाची जागा दिली, तिसऱ्यानें शोभा दिली. राजसत्ताहि अलिप्त राहिली नाहीं. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम यानें मानमोडीवर टाकें व मंडप करविला. त्या लेखांतील ४६ हें वर्ष शककालाचें धरल्यास तें इ. स. १२४ येतें. परंतु लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, राजाच्या अमात्याचा लेख आणि धान्यविक्यांचा लेख यांत मानाचा फारसा भेद नाहीं. दोघांनींहि टाकें दिलें आणि दोघांनींहि तें दगडावर नोंदविलें.

घर बांधून झालें म्हणजे खर्च संपतो असें नाहीं. इमारतींत राहणारा प्रत्येक गृहस्थ हें जाणतो. जुन्नरच्या लोकांनींहि हें ओळखलें होतें. मानमोडीचें प्राचीन नांव लेखांत 'मानमुकड' असें येतें, आणि तेथील लेखांत जमिनींचीं व ठेवींचीं दानें आहेत. आडुथुम नांवाचा एक शक कोणाचिक श्रेणीचा उपासक होता. त्यानें वडालिका येथें २० निवर्तनें व कटपुटक येथें ९ निवर्तनें जमीन दिली. बांबूचें काम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांतून दरमहा ठराविक रक्कम मिळावी, अशीहि व्यवस्था आहे. अशी ठेव कशी चाले, याचा स्पष्ट हिशेब नाशिकच्या लेण्यांत सांपडतो. नहपानाचा जांवई उषवदात यानें तेथें गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. पैकीं २,००० वर दरमहा शेंकडा एक आणि १,००० वर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज होतें. त्यांतून वीस भिक्षूंना वस्त्रें मिळत. म्हणजे डोंगरावरील घराचें चालूं खर्चाचें खातें खालच्या बाजारपेठेंत होतें. बुरूड आणि कांसार रोज आपल्या धंद्यावर बसत, आणि त्यांच्या हातांच्या कमाईंतून वरचा दिवा जळे. कड्याकडे मान वर करून पाहणारा कारागीर त्या घराला परकें मानीत नसेल, याचें कारण येथें आहे.

असें असलें तरी सर्वच कामें तडीस गेलीं नाहींत. भूतलिंग गटांतील चैत्यगृहाच्या कमानींत कमळाच्या पाकळ्या, त्यांत गजलक्ष्मी व पूजा करणारे स्त्रीपुरुष असें सुंदर शिल्प आहे. आंतील काम मात्र अपुरें आहे. अंबा-अंबिका गटांतील एका चैत्यगृहाची गोष्ट याहून मनाला लागणारी आहे. त्याचें आंतील काम कधींच पुरें झालें नाहीं, तरीहि त्याच्या दर्शनी भागावर दात्यांचे लेख एकापाठीं एक कोरलेले आहेत. हीं दानें करणाऱ्यांना घर पुरें होणार असा विश्वास वाटला असला पाहिजे. तो विश्वास फळास आला नाहीं. स्तुति व श्रद्धा दगडावर कोरली जाते. नाराजीचा, कंटाळ्याचा किंवा अडचणीचा लेख कोणी कोरून ठेवीत नाहीं. ती वाचावयाची ती थांबलेल्या टांकीच्या खुणांत. व्यापार मंदावला, दाता गेला, खडक दगा देऊं लागला, यांपैकीं कांहींहि कारण घडलें, तरी खालच्या नगराचा हात सुटतांच वरचें घर तेथेंच थांबलें.

आणखी एक उणीव या लेखांत आहे. दात्यांचीं नांवें विपुल आहेत, पण टांकी धरणारा हात बहुधा अनामिकच राहिला. इतरत्र कोठें कोठें तो दिसतो. कार्ल्याच्या चैत्यावर दार घडविणाऱ्या सामि नांवाच्या सुताराचें नांव आहे. कोंडाण्याच्या लेण्यांत कण्हाचा शिष्य बलक यानें आपली खूण ठेविली आहे. पुढच्या काळांत तर दातेहि विस्मरणांत गेले. ब्राह्मी अक्षरें वाचणारा कोणी उरला नाहीं, आणि एवढें अचाट काम माणसाचें नव्हेच, पांडवांनीं एका रात्रींत कोरलें, कोंबडा आरवला म्हणून अर्धें राहिलें, अशा कथा महाराष्ट्रांत ठिकठिकाणच्या लेण्यांविषयीं रूढ झाल्या. त्या कथांना हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याच पूर्वजांच्या कामापुढें स्तिमित झालेल्या लोकांनीं दिलेला तो अभिप्राय आहे.

लोकांनीं एवढ्यावर थांबून तीं घरें ओस पडूं दिलीं नाहींत. वीस खोल्यांच्या त्या मंडपांत, मागील भिंतीच्या मध्यभागीं, आज गिरिजात्मज गणपति विराजमान आहे. अष्टविनायकांपैकीं लेण्यांत वसलेला हा एकच. मानमोडीवर मागाहून जैन मूर्ति कोरल्या गेल्या, आणि त्यांतील अंबिकेच्या नांवानें तो सारा लेणीसमूह ओळखला जाऊं लागला. भिक्षु गेले, पंथ बदलले, तरी नगराची वाट डोंगराकडे जातच राहिली. लेण्याद्रि आतां पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, आणि पायऱ्यांवर भाविकांची रीघ लागलेली असते.

शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत याच्या नेमकें उलट घडलें आहे. ज्या आंबेगांवावरून त्या तालुक्याला नांव मिळालें, तें जुनें गांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत बुडालें. कचेरी घोडेगांवास आहे, आणि तालुक्याचें नांव मात्र आंबेगांवच राहिलें. तेथें नांव उरलें आणि घरें गेलीं. जुन्नरास घरें उरलीं आणि तीं करणाऱ्यांचीं नांवें पुसलीं गेलीं. तीं वाचावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. एक मोठें काम उभें राहतें तेव्हां त्याच्या छायेंतील माणसाचें काय होतें, हा प्रश्न दोन्ही तालुक्यांत सारखाच विचारण्याजोगा आहे.

मुंबईच्या मनोऱ्यांनाहि हाच प्रश्न लागू पडतो. दक्षिण मुंबईंत प्रतिभा नांवाची ३६ मजल्यांची इमारत उठली, तेव्हां मंजुरीपेक्षां सुमारें २४,००० चौरस फूट बांधकाम जास्त झाल्याचें आढळून महापालिकेनें तिचे वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश दिला. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो आदेश उचलून धरला, आणि बेकायदा बांधकाम कधींच लाभत नाहीं, समाजाच्या हितालाहि तें बाधक आहे, हें बांधणाऱ्यांनीं ओळखावें, अशा आशयाचे उद्गार काढले. लेणें वरून खालीं कोरीत आणतात. येथें उभें घरच वरून खालीं कापावें लागलें. पुढें २०१० च्या सुमारास अल्टामाउंट रस्त्यावर २७ मजल्यांचें व १७३ मीटर उंचीचें अँटिलिया हें घर एकाच कुटुंबासाठीं उभें राहिलें. त्याच्या रचनेचें कौतुक झालें आणि एवढ्या खर्चाविषयीं टीकाहि झाली. दोन्ही प्रसंगीं रस्त्यावरच्या माणसाला मत होतें. पण त्या भिंतींत त्याची एखादी वीट किंवा त्या खात्यांत त्याचा एखादा पैसा असण्याचा संभव नव्हता.

जुन्नरच्या धान्यविक्याला तो संभव होता. त्याला त्या सात खोल्यांत राहावयाचें नव्हतें. तरी श्रेणींतील इतरांबरोबर आपला वांटा देऊन त्यानें तें घर आपलें केलें. पावसाळ्यांत डोंगरावर ढग उतरत आणि नगरांतून लेणीं दिसेनाशीं होत, तेव्हांहि वरच्या टाक्यांत आपलें पाणी सांठत आहे, हें तो दुकानांत बसून जाणत असेल. आजहि उन्हाळ्यांत लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आलेला यात्रेकरू त्या ओसरींत टेकतो, घाम पुसतो, आणि खालच्या खोऱ्याकडे पाहतो. त्या सावलींत बसण्यापूर्वीं त्याला कोणी नांव विचारीत नाहीं.